जित्या माणसाची श्रद्धांजली

नथूआबा रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्याच दारात त्यांच्यासाठी दोन हिरवे बांबू येऊन पडले होते. शेजारी सुतळीचा गुंडा, नवं कोरं मडकं, आणि ओट्यावर भावकीतली सात-आठ माणसं टोप्या मांडीवर घेऊन बसलेली. आबांनी आधी बांबूंकडं बघितलं, मग माणसांकडं. काल दुपारपासून ते दवाखान्यात होते, आणि मागं घरात त्यांची बायको लीलाबाई होती.

"कोन गेलं रं?" त्यांनी विचारलं.

कोपऱ्यातला एक जण चाचरत म्हणाला, "तुमीच की, आबा." आणि बोलून झाल्यावर स्वतःच ताडकन उठून उभा राहिला.

तेवढ्यात लीलाबाई दारात आली. कपाळावर कुंकू जिथल्या तिथं, हातातल्या बांगड्या जिथल्या तिथं. तिनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ओट्यावरच्या लोकांकडं बघून म्हणाली, "सकाळधरनं बाया येऊन माज्या हाताला लागल्यात. म्या म्हनलं, बांगडीला हात तर लावून बगा. मानूस डोळ्यांनी दिसू द्या, मंग काय ते." एवढं बोलून ती आबांना म्हणाली, "च्या घेनार न्हवं?" आणि आत वळताना तिनं दाराची चौकट घट्ट धरली. एकोणसाठ वर्षांच्या संसारात आबांनी तिला असा कशाचा आधार घेताना कधी बघितलं नव्हतं. त्यांना भडभडून आलं, पण एवढ्या लोकांत रडायचं कसं? जिवंत माणसाला आपल्याच मयताला रडता येत नाही, ही एक पंचाईतच.

झालं होतं ते असं. काल खळ्यावर भाताची झोडणी चालली असताना आबांना चक्कर आली, म्हणून थोरल्या कैलासनं त्यांना लोणावळ्याला दवाखान्यात नेलं. रात्री सलाईन लावलं, सकाळी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. पण आबांना चहाची तल्लफ आलेली, आणि दवाखान्यातला चहा बिनसाखरेचा. म्हणून नर्सची नजर चुकवून बापलेक खाली टपरीवर गेले. नेमका त्याच वेळी धाकटा पप्पू वर आला. त्याला दिसली रिकामी खाट, आणि खाटेवरची चादर गोळा करणारी बाई. बस्स. त्या बाईला एक शब्द विचारावा? नाव नको. पप्पूनं व्हरांड्यात येऊन भोकाड पसरलं आणि पुतणीला, म्हणजे कैलासच्या पिंकीला, फोन लावला. कैलासचा फोन तर रात्रीच बंद पडला होता.

पिंकी लोणावळ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. 'समस्त येवले परिवार' या ग्रुपची ती ॲडमिन, एकशे त्रेचाळीस माणसं. वाढदिवस, बारसं, दहावा, कुणाचंही काही असो, बॅनर करायचा तो पिंकीनं. "लगेच टाक," पप्पूकाका रडत रडत म्हणाला होता, "न्हाईतर मंडळाची पोरं आपल्या आदी टाकतील. आपल्या घरचं मयत आपन दुसऱ्याच्या ग्रुपवर बगायचं का?" पिंकीनं डोळे पुसत पाच मिनिटांत बॅनर केला. झेंडूचा हार, दोन समया, मधोमध आबांचा फेट्यातला फोटो. कै. नथू धोंडिबा येवले, भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, समस्त परिवार. तो गावातून, औंढ्यातून, शिरगावला गेला, तिथून देहूरोडला, आणि आठच्या आत अर्ध्या मावळात आबा वारले.

पप्पू तोवर बांबू आणि मडकं विकत घेऊन, ते घरी धाडून, पुन्हा दवाखान्यात गेला होता आणि "बॉडी ताब्यात द्या" म्हणून काउंटरवर भांडत होता. तिथल्या बाईनं रजिस्टर फिरवून त्याच्यापुढं धरलं. "पेशंट स्वतः सही करून गेलेत," ती म्हणाली.

चहा झाला, बांबू गोठ्यामागं गेले, ओट्यावरचे लोक हसत-खिदळत पांगले. पण घरातलं खरं भांडण आता सुरू झालं.

"फोन हॅक झालता म्हन," पप्पू पिंकीला सांगत होता. तो नुकताच दवाखान्यातून परतलेला, घामाघूम. यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं त्याच्या मनात, आणि बापाला जिवंतपणी तिरडी आणणारा म्हणून गावात नाव झालं तर मत कोण देणार? "न्हाईतर आसं कर, पवनचं नाव सांग. शिरगावच्या आत्याचा नातू. त्याच्या स्टेटसवरनंच गावभर झालं. तसं खोटं बी न्हाई ते."

"काय बोलतोयस पप्प्या?" कैलास ओरडला. "फोन तू केला, टाकलं हिनं, आन् नाव त्या पोराचं?"

"भावजी बरोबर बोलतात," अनितानं, पिंकीच्या आईनं, मधेच टाकलं. एरवी या दिराशी तिचं एका वाक्यापलीकडं जमत नसे. आज लेकीसाठी ती त्याच्या बाजूनं उभी राहिली. "हिच्या कॉलेजात कळलं तर? उद्याच कार्यक्रम आहे हिचा."

कार्यक्रम होता खरा. कॉलेजच्या एनएसएसकडून पिंकी शाळाशाळांत जाऊन पोरांना सांगायची, इंटरनेट जबाबदारीनं वापरा, आधी खात्री करा, मगच पुढं पाठवा. उद्याची शाळा औंढ्याचीच होती. पिंकी भिंतीला टेकून बसली होती, आणि मांडीवरचा फोन थांबायचं नाव घेत नव्हता.

"एनएसएसच्या चंद्रिका मॅडमचा मेसेज आलाय," ती बारीक आवाजात म्हणाली. "लिहिलंय, खूप वाईट वाटलं, उद्या येऊ नकोस, आजोबांचं कार्य नीट होऊ दे. मी काय सांगू त्यांना?"

"डिलीट मार आन् मोकळी हो," पप्पू म्हणाला.

"डिलीट मारून काय होणार, काका? लोकांनी सेव्ह केलाय तो. दुसऱ्या ग्रुपवर टाकलाय."

आबा हे सगळं पलंगावर बसून ऐकत होते. पोरीवर त्यांना राग यायला हवा होता, पण तिचं उतरलेलं तोंड बघून येईना. "बाकीच्यांनी जरा भायेर जा," ते म्हणाले. "पिंके, हितं ये. बस."

ती पायाशी येऊन बसली.

"आमच्या टायमाला ह्याला सांगावा म्हनायचे," आबा म्हणाले. "गावात कोन बी जाऊ दे, सांगावा न्यायचा म्या आन् गेणूनं. भावकीतला गेणू, तुला आठवत आसंल. दोघांनीच जायचं, एकट्यानं न्हाई. आन् निगायच्या आदी मढ्याच्या पायाला हात लावायचा. का ठावं हाय? उद्या कुनी इचारलं, तुमी बगितलं का, तर म्हनता आलं पायजे, हातानं बगितलं. त्याबिगर गावाची येस वलांडायची न्हाई."

"आणि चालत जायचे?"

"मंग? पहाटं निगायचं. रेल्वेच्या कडंकडंनं कार्ला, कामशेत, वडगाव. शिरगावला पोचंस्तवर दुपार टळायची. जाताना तोंडात पान्याचा थेंब न्हाई. कुनाच्या दारात गेलं की उंबऱ्याच्या भायेरच थांबायचं. आमी दोघं आंगनात हुभं हाय म्हनल्यावरच बाया पदर तोंडाला लावायच्या. पर आमी बगितलं तेवडंच सांगायचं. कशानं गेला, कुनामुळं गेला, एक अक्षर जास्ती न्हाई." आबांच्या तोंडावर आता हसू फुटलं होतं. "येताना मातर गेणू लय वांड! इंद्रायणीत बुडी मारायची, वल्ल्या अंगानं कामशेतला यायचं आन् दोन-दोन पलेटी भजी हानायची. म्हनायचा, नथ्या, मेलेला गेला, आता जित्यांचं बगू. त्याला पंचक्रोशीत मान व्हता बग. गेणूनं सांगितलं म्हंजी झालंच."

कामशेतची ती भजी, ती ओली धोतरं, आणि रुळाच्या कडेनं पुढं चाललेला गेणू आबांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. किती चालले असतील दोघं! तेव्हा पाय दुखतात हेच माहीत नव्हतं. गेणू जाऊन आता नऊ वर्षं झाली.

"आम्ही शाळेत हेच तर सांगतो, आबा," पिंकी रडायलाच लागली. "आधी खात्री करा. आणि मी तुमचं..."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणखी काही सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्या गोष्टीचा शेवट त्यांनी सांगितला नव्हता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून हेल काढून रडण्याचा आवाज आला.

"आरं माज्या राजाऽऽ, आरं मला न भेटताच गेलास रंऽऽ!"

बावीस वर्षांनी सुद्धा तो आवाज ओळखायला त्यांना क्षणभर लागला नाही. अंबूबाई, त्यांची थोरली बहीण, शिरगावची. आई गेली तेव्हा ती पोचायच्या आतच अग्नी दिला, तिला आईचं तोंड बघायला मिळालं नाही, त्या दिवसापासून तिनं या घराची पायरी चढली नव्हती. लग्नं झाली, बारशी झाली, ती आली नाही. आज आली होती ती भावाच्या मयताला. चौऱ्याऐंशीची म्हातारी, नातवाच्या, पवनच्या खांद्याला धरून, अनवाणी.

आबा दारात जाऊन उभे राहिले. अंबूबाईनं वर बघितलं आणि तिचं रडणं मधेच थांबलं. तोंड तसंच उघडं. मग ती पुढं झाली आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला लागली.

"मुडद्या! जिता हाईस व्हय? जिता हाईस? येरवाळी पास्नं रडतीया म्या, आन् हा टोनगा दारात हुभा!" मारता मारता तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. "जिता हाईस रं माज्या बाबा!"

लीलाबाईनं पुढं होऊन नणंदेला आत घेतलं. "वन्सं, पाय धुवा आदी," ती म्हणाली. पाणी आणलं, पाट आणला, चहा आणला. अंबूबाई माजघरात बसली आणि चहूकडं बघत राहिली. आईचं जातं कुठं होतं, चूल कुठं होती, सगळं ती बोटानं दाखवत होती. आबा समोर बसून नुसते तिच्याकडं बघत होते. आता उरलेत तेवढे दिवस ही येत-जात राहील, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

"पर ह्यो उद्योग कुनी केला?" अंबूबाईनं चहाची बशी खाली ठेवत विचारलं. "माजं काळीज थांबलं आसतं तर?"

पप्पूनं घसा खाकरला. "आत्या, ते पवनच्या फोनवरनं..."

पवननं काही म्हटलं नाही. वीस वर्षांचं पोर, मान खाली घालून, पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत उभं राहिलं. अनिता भिंतीकडं बघत होती. कैलासनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी पिंकी बोलली.

"मी केलं, आत्याआजी. पवनचा काही संबंध नाही. काकांनी मला फोन केला आणि मी कुणालाही न विचारता टाकलं. दवाखान्यात एक फोन करायला हवा होता. नाही केला. आपल्या आधी दुसऱ्या कुणी टाकू नये, म्हणून घाई केली."

अनितानं कपाळाला हात लावला. पप्पूला कुठं तोंड लपवू असं झालं. अंबूबाईनं मात्र पोरीला जवळ ओढली.

"चुकलीस. पर तोंडानं बोललीस ते बरं केलंस. लाख मोलाची हाईस." मग तिचा आवाज कडवट झाला. "त्या गेण्यागत तर न्हाई केलंस. माजी माय मेली, तर सांगावा आनायचा इसरला मुडदा! आन् इचारलं तर हुबा ऱ्हायला मुक्यावानी, मान खाली घालून. बावीस वर्सं त्याला शिव्या घालतीया म्या. मेला तरी घालतीया."

माजघरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. गेणू निरोप विसरला, ही गोष्ट येवल्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होती. अंबूबाईनं बशी पुन्हा तोंडाला लावली. सगळं जागेवर आलं होतं. आबांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची त्यांना बावीस वर्षांची सवय होती.

त्यांनी पिंकीकडं बघितलं. पोरीनं डोळे पुसले होते. वीस वर्षांची पोर. उद्या कॉलेजात हसं होणार हे माहीत असून बोलली. आणि आपण?

"आक्का," आबा म्हणाले, "गेणू इसरला न्हवता."

"म्हंजी?"

"म्या त्याला धाडलंच न्हवतं. आई पहाटं गेली. गेणू टोपी घालून एसटीला निगाला बी व्हता. म्याच त्याला हाक मारून थांबीवला. झोडणी चालू व्हती, मानूस कमी पडत व्हतं. म्हनलं, तुमच्या शिरगावात त्या किराना दुकानात फोन हाय, तितं करतो, धा रुपयात काम व्हतंय. फोन केला. कुनीतरी म्हनलं, सांगतो. कोन म्हनलं, ते बी म्या इचारलं न्हाई. दिस बुडंस्तवर तुजी वाट बगितली आन् अग्नी दिला. दुसऱ्या दिशी तू आलीस, आंगनात छाती बडवून इचारलंस, सांगावा कुनाकडं दिलता? माज्या तोंडातनं निगालं, गेणूकडं. तो तितंच हुबा व्हता. काय बोलला न्हाई. नंतर बी कदी बोलला न्हाई. आन् तवापास्नं गावात कुनी त्याच्याकडं सांगावा दिला न्हाई."

लीलाबाई आतल्या दारापाशी उभी होती, ती तिथंच खाली बसली. तिलाही हे माहीत नव्हतं.

अंबूबाईनं बशी खाली ठेवली. चहा अर्धा राहिला होता. आता ती उठणार, पवनला हाक मारणार आणि जाणार, हे आबांना दिसत होतं. त्यांनी तिला अडवलं नसतं.

"मंग म्या बावीस वर्सं शिव्या कुनाला घातल्या, नथ्या?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "मेल्याच्या पाया कसं पडायचं?"

"मला घाल," आबा म्हणाले.

"तुजं म्या नंतर बगते. लय बगते." तिनं पदरानं नाक पुसलं आणि पिंकीकडं वळली. "पोरी, तू जे चुकीचं टाकलंस ते नीट लिवनार हाईस का?"

"हो, आत्याआजी. ग्रुपवर, कॉलेजात, सगळीकडं. माझ्या नावानं."

"मंग त्याच्याखाली गेण्याचं बी लिव."

पिंकीनं आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली. ती लिहू लागली, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागली. आबा सुखरूप घरी आहेत. मी, पिंकी कैलास येवले, खात्री न करता बॅनर टाकला. चूक माझी आहे, सर्वांची माफी मागते. ज्यांनी पुढं पाठवला त्यांनी हेही पुढं पाठवावं. मग खाली, आबा सांगतील तसं, बावीस वर्षांपूर्वी निरोप गेणूभाऊ विसरले नव्हते, त्यांना पाठवलंच नव्हतं, दोष त्यांच्यावर ढकलला तो मी, नथू धोंडिबा येवले.

"आबा, एकशे त्रेचाळीस लोक वाचतील," पप्पू कळवळून म्हणाला. "निदान यंदाच्या साली तरी..."

"मी कुटं कमी लोकांम्होरं बोललो व्हतो तवा?" आबा म्हणाले. "सगळं गाव हुबं व्हतं आंगनात. पाठीव, पिंके."

तिनं पाठवलं. मग फोन मांडीवर पालथा घालून बसली. कैलासनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला, आणि अनिता उठून सगळ्यांचे कप गोळा करायला लागली.

दहा मिनिटांत आबांचा साधा फोन वाजला. पिंकीनं नाव वाचून दाखवलं. हनुमंत, देहूरोडचा. गेणूचा मुलगा, डेपोत नोकरीला. आबांनी फोन कानाला लावला.

"आबा," हनुमंत म्हणाला, "सकाळी तुमचा फोटो बगितला, निगायच्या तयारीत व्हतो. आता हे दुसरं वाचलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईला वाचता येत न्हाई. ती हितंच बसलीया. फोन स्पीकरवर ठेवतो. तुमीच सांगा तिला."

"वहिनी," आबा म्हणाले. "वहिनी, गेणू इसरला न्हवता. म्या त्याला धाडलंच न्हवतं. त्याच्यावर खोटं घातलं म्या."

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, शांत.

"मला ठावं हाय, भावजी. त्याच राती त्यांनी मला सांगितलं व्हतं. म्हनले, तू कुनाला बोलू नगंस, नथू सोता सांगंल. मरंस्तवर वाट बगितली त्यांनी तुमची."